ॲक्सोलॉटल खात नाहीये? आधी पाणी बघा

संपादक साहेब,

तुमच्या पाळीव प्राण्यांच्या पानावर कायम कुत्री-मांजरंच, म्हणून म्हटलं लिहावं. ॲक्सोलॉटलने (पाण्यातच राहणारा, डोक्याच्या बाजूंना पिसांसारखे कल्ले असलेला सॅलमँडर) खाणं सोडलं की लोक लगेच औषधं शोधत बसतात, अहो आधी टँकमध्ये थर्मामीटर टाका ना! त्याला १६ ते १८ डिग्री पाणी लागतं, २४ च्या वर गेलं की गडी गांडुळाकडे ढुंकूनही बघत नाही, आणि अमोनिया, नायट्राइट (घाणीतून पाण्यात तयार होणारी विषारी द्रव्यं) पण टेस्ट करा, दोन्ही शून्यच पाहिजेत. कल्ले पुढे वळलेत, शेपटीचं टोक आकड्यासारखं वाकलंय म्हणजे त्रास चालू आहे. तळाला बारीक खडी असेल तर ती गिळलेली असू शकते, ही खडी विकतात तरी कशाला देव जाणे. मोठा ॲक्सोलॉटल तसाही दोन-तीन दिवसांनीच खातो, तो आजार नाही. पोट फुगलं तर मात्र डॉक्टर गाठा.

एक वाचक