दोराचं दुसरं टोक धरायला दिल्याबद्दल

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं साहसी खेळांचं शिबिर संपल्यावर अभिप्रायाच्या फॉर्मवर मी 'उत्तम'समोर खूण करून सही केली होती. तेवढ्यानं आभार पोचत नाहीत, म्हणून हे पत्र. उघड लिहितेय, कारण तुम्ही काय केलंत ते शिबिरं घेणाऱ्या इतरांनीही वाचावं असं वाटतं.

भाची तुमच्याकडे आली तेव्हा १३ वर्षांची होती. चार वर्षांत तीन घरं फिरून ती माझ्याकडे आलेली. आठ महिने झाले तरी तिची बॅग भरलेलीच. कपडे वाळले की घडी घालून परत बॅगेत. कपाटातला एक कप्पा मी तिच्यासाठी मोकळा केला होता, तो मोकळाच राहिला. नोंदणीच्या वेळी हे सांगितलं तेव्हा तुम्ही हळहळला नाहीत. "बॅग उपसायला तिला कुणी सांगणार नाही," एवढंच म्हणालात आणि वहीत टिपून घेतलंत.

पहिले तीन दिवस मी तुमच्यावर चिडले होते, हेही कबूल करते. मुलांना फोन करायचा नाही हा नियम मला निर्दयी वाटला होता. रात्री तुमचा दोन ओळींचा मेसेज यायचा, त्यावर दिवस काढायचा. दुसऱ्या रात्रीचा असा: "आज भिंतीवर चढायला नाही म्हणाली. नाही म्हणाली हे चांगलं झालं." मी तो चार वेळा वाचला. यात चांगलं ते काय?

कळलं ते बऱ्याच दिवसांनी. कुठे राहायचं, कुणाकडे जायचं, कोणत्या शाळेत बसायचं, यातलं काहीच जिला कधी कुणी विचारलं नव्हतं, तिचा नकार तिथे कुणीतरी निमूट ऐकून घेतला. ना आग्रह, ना टाळ्या वाजवून 'चल, चल'. आव्हान किती पेलायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं, अशी साहसी खेळांत पद्धत आहे म्हणे. पण पुष्कळ ठिकाणी नाही म्हणणारं मूल मग बाजूला बसून राहतं. तुम्ही तिच्या हातात दोर दिलात.

चढणाऱ्याच्या कमरेचा दोर वरच्या कडीतून खाली येतो आणि खालचा माणूस तो ताणून धरतो. ती तुमच्या मागे उभी राहून त्याच दोराचा मोकळा शेपटा धरायची. मुख्य भार तुमच्यावर, तरी तुमचा हात निसटलाच तर मागे तीच. हे तुम्ही तिला स्पष्ट सांगितलंत, खेळ म्हणून नाही, काम म्हणून. त्या दुपारी तिनं अकरा जणांना वर जाताना आणि सुखरूप खाली येताना पाहिलं. एका दांडगट मुलानं खाली उतरल्यावर तिला विचारलं, "धरलं होतंस ना?" घरी आल्यावर तिनं शिबिराबद्दल पहिलं सांगितलं ते हे. स्वतः चढली ती पाचव्या दिवशी, आणि तीही अर्ध्यापर्यंतच. त्याचा उल्लेख जाता जाता.

मी वाचायला लागले. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली मांडलं, की 'हे मला जमेल' हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः करून दाखवल्यानं, आपल्यासारख्या कुणाला तरी करताना पाहिल्यानं, दुसऱ्यानं धीर दिल्यानं, आणि छातीतल्या धडधडीचा आपण काय अर्थ लावतो त्यावरून. यातली पहिली सगळ्यांत भक्कम. मी आठ महिने तिसरीच धरून बसले होते. 'तू हुशार आहेस गं', 'तुला येईल गं'. बिचारी ऐकून घ्यायची.

आणखी एका गोष्टीचे आभार मानायचेत. त्या गोष्टीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ज्या मुलांची माणसं सारखी सुटत गेलीत, त्यांना शिबिराचा शेवट म्हणजे अजून एक ताटातूट. तुम्ही पहिल्याच दिवशी फळ्यावर दहा रेघा मारल्यात आणि रोज रात्री मुलांसमोर एक पुसलीत. 'मी कायम तुमच्यासोबत आहे' असलं काही बोलला नाहीत. महिन्याभरानं पत्र लिहीन म्हणालात, आणि ते बरोबर महिन्याभरानं आलं. वेळेवर आलं याचंच तिला जास्त अप्रूप होतं, आत काय लिहिलंय त्यापेक्षा.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. दोनच आठवड्यांत नखं कुरतडणं परत सुरू झालं, शाळेत एकदा भांडणही झालं. दहा दिवसांत चार वर्षं भरून निघत नाहीत, आणि पुढचं काम माझं आहे, तुमचं नव्हे. कप्प्यात आता तीन टी-शर्ट आणि एक वही आहे. बॅग अजून पलंगाखाली असते. मी विचारत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात लहान गटासाठी दोर धरायला कुणी लागेल का, हे तुम्हाला विचार असं तिनं मला सांगितलं होतं. मी म्हटलं, तूच विचार. तिचं पत्र वेगळं येईल. मला वाचू दिलेलं नाही.

तुमची ऋणी,
तिची मावशी