संच ‘बंद पडला’ की ‘बंद केला’, एवढं तरी नीट छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राज्यातल्या एका औष्णिक केंद्राचा संच बंद पडला अशी बातमी मागच्या आठवड्यात व्हॉट्सअॅपवर फिरली आणि लगेच यावलहून पुतण्याचा फोन, काका आता लोडशेडिंग वाढणार का, पावसानं दडी मारलीय, केळीला आज रात्रीच पाणी देऊन घेऊ का. चौकशी केली तर संच बंद पडलेलाच नव्हता, वार्षिक ओव्हरहॉलसाठी, म्हणजे खोलून तपासणी-दुरुस्तीसाठी, ठरवून बंद केलेला होता. माझी नोकरी सगळी बॉयलर मेंटेनन्समध्ये गेली म्हणून हे पत्र लिहितोय, कारण या एका शब्दाच्या फरकाने लोक उगाच घाबरतात आणि शिव्या मात्र काम करणाऱ्यांना बसतात.

ओव्हरहॉल म्हणजे सुट्टी नाही हो. बॉयलर थंड व्हायलाच एक दिवस जातो, टर्बाइनचा शाफ्ट गरम असताना एका जागी थांबला तर वाकतो म्हणून तो बॅरिंग गिअर नावाच्या यंत्रणेने हळूहळू फिरवतच ठेवावा लागतो. मग मचाण बांधून माणसं आत उतरतात. आत अंधार, हँडलॅम्पचा उजेड, राख नाकातोंडात जाते, आणि पाणी-वाफेची एकेक ट्यूब हाताने चाचपायची, मशीनने जाडी मोजायची. उडती राख घासून घासून ट्यूब झिजते, मी स्वतः अशी ट्यूब कापून हातात घेतलीय की एका बाजूने जाड आणि दुसऱ्या बाजूने पत्र्याच्या डब्यासारखी, अंगठ्याने दाबली तरी दबेल असं वाटावं. त्याच ट्यूबमधून दीडशेच्या वर किलो प्रेशर जातं! ती वेळेत बदलली तर काम तीन-चार आठवड्यांत आटोपतं. नाही बदलली तर ऐन मे महिन्यात फुटते, फुटलेल्या ट्यूबची वाफ शेजारच्या ट्यूबाही कापत जाते, आणि तेव्हा खरंच संच ‘बंद पडतो’. मी जिथे होतो तिथे एकदा मागणी जास्त म्हणून ओव्हरहॉल पुढे ढकललं होतं, नंतर चाळीस डिग्रीच्या उन्हात बॉयलर थंड व्हायची वाट बघत बसलो होतो आम्ही.

माणसांचा जीवही यात आहे. उत्तर प्रदेशातल्या ऊंचाहारच्या औष्णिक केंद्रात 1 नोव्हेंबर 2017 ला 500 मेगावॅटच्या संचात बॉयलरच्या तळाशी राखेचे ढेकूळ साचले होते, संच चालू ठेवूनच ते काढणं चाललं होतं, तेवढ्यात स्फोट झाला, चाळीसच्या वर माणसं गेली. त्यात कंत्राटी कामगार किती होते ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

ही कामं पावसाळ्यात धरतात, कारण तेव्हा शेतीपंप बंद असतात, मागणी उतरलेली असते. आणि आपल्या भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्रात 500 मेगावॅटचे दोन संच आहेत, आता 660 चाही उभा राहिलाय, पण तिथली वीज काही थेट रावेर-यावलच्या डीपीवर येत नाही, ती सगळी ग्रीडमध्ये, म्हणजे सामाईक वीजजाळ्यात जाते. राज्यातली वीज कुठून किती घ्यायची ते बघणाऱ्या ऐरोलीच्या लोड डिस्पॅच सेंटरला आधीच कळवलेलं असतं, कोणता संच कधी बंद ठेवायचा हे ठरवूनच होतं, त्या हिशोबाने दुसरीकडून वीज घेतात. गावात सकाळपासून लाईट नसते ते बहुतेक फीडरवरच्या फांद्या तोडायच्या असतात म्हणून, नाहीतर डीपी जळालेली असते, त्याचा दीपनगरशी काय संबंध. पण बाजारात सगळं एकाच खात्यावर टाकतात.

तुमच्या बातमीदारांना माझी कळकळीची विनंती आहे, संच बंद असल्याची बातमी आली की केंद्राला एवढंच विचारा, ठरवून की बिघाड, आणि ठरवून असेल तर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. त्या दोन तारखा छापल्या तरी माझा पुतण्या रात्री निवांत झोपेल.

आपला,
एक निवृत्त बॉयलर मेंटेनन्सवाला,
भुसावळ