सहाचे पाऊणपट साडेचार

चि. पराग,
अनेक आशीर्वाद.

मित्रांबरोबर मालवणला जातोयस, हे आईकडून कळलं. जरूर जा. पण "मला पोहता येतं, काळजी करू नको" असं तू तिला म्हणालास, ते काही माझ्या मनातून जाईना.

तुला पोहायला मीच शिकवलं, मळ्यातल्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. विहिरीचं पाणी जागेवर असतं. चार हात मारले की पायरी हाताला लागते. वाहत्या पाण्याचं तसं नाही. तुझ्याएवढा असताना चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमावर, मी शेवाळलेल्या दगडावरून घसरलो. पाणी जेमतेम मांडीएवढं, तरी धारेनं पंधरा-वीस हात ओढत नेलं. गुडघ्यावरचा तो व्रण तू पाहिला आहेस.

तुमचं स्नॉर्केलिंग सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ आहे म्हणे. महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर तो किल्ला बांधायला घेतला. भोवतीच्या खडकांमुळे शत्रूच्या गलबतांना जवळ येणं अवघड होतं. पोहणाऱ्यालाही ते खडक तसेच. लाट माणसाला उचलते आणि खडकावर आणून आपटते. खडकाला कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार ब्लेडसारखी. पायात बूट ठेव, खडकापासून लांब राहा, आणि वरून सूर मारू नकोस. सकाळी जिथे पुरुषभर पाणी, तिथे दुपारी गुडघाभर असू शकतं.

भरतीचा कोकणातला ढोबळ हिशेब सांगतो. तिथीचे पाऊणपट केले की पूर्ण भरतीची वेळ येते. तुम्ही जाताय त्या दिवशी षष्ठी आहे, मी दिनदर्शिकेत पाहिलं. सहाचे पाऊणपट साडेचार. म्हणजे दुपारी साडेचारला पूर्ण भरती. त्याच्या साधारण सव्वासहा तास आधी, सकाळी सव्वादहाच्या सुमारास ओहोटी पुरी होईल आणि नंतर पाणी चढत जाईल. नेमकी वेळ मात्र तिथल्या होडीवाल्याला विचार, आणि तो "आज नको" म्हणाला तर वाद घालू नकोस.

किनाऱ्यावर पोहताना फुटणाऱ्या लाटांच्या मधला एखादा पट्टा शांत दिसतो. भुलू नकोस, पुष्कळदा तिथूनच पाणी आत समुद्राकडे वाहत असतं. त्यात सापडलास तर किनाऱ्याकडे झुंजू नकोस, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला हो, मग लाटांबरोबर बाहेर ये. दम संपलाच तर उताणा तरंग आणि हात वर कर. लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे बांध. खांद्याला धरून वर ओढलं तर ते कानापर्यंत सरकता कामा नये.

स्कूबाचं मला खरंच जपून सांगायचं आहे. लहानपणी तुझा कान सारखा फुटायचा. रात्र रात्र आई मांडीवर घेऊन बसायची. फॉर्मवर ते लिही, लपवू नकोस. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. विहिरीचा तळ गाठताना कान दुखायचा ना, त्याच्या कितीतरी पट. जाण्याआधी कानाच्या डॉक्टरांना दाखव. ते नको म्हणाले, किंवा त्या दिवशी सर्दी असली, तर बोटीतच बस. पैसे गेले तरी चालतील. खाली गेलासच तर श्वास कोंडू नकोस, वर येताना तर मुळीच नाही.

दारू पिऊन कोणी पाण्यात उतरत असेल तर त्याला अडव. मित्र रागावला तरी चालेल.

संध्याकाळी खोलीवर आलात की फोन कर. केळीची कापणी चालू आहे, मळ्यात रेंज नसते. मी उचलला नाही तर आईला लाव, ती फोन जवळच ठेवणार आहे.

तुझे,
पप्पा