ड्रेस्डेनचा आकडा आणि मधली चाळीस वर्षं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरावर 13 फेब्रुवारी 1945 च्या रात्री सुरू झालेल्या ब्रिटिश-अमेरिकन बॉम्बहल्ल्याबद्दलचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला, विषय घेतलात याचा खरंच आनंद झाला, पण दोन गोष्टी खटकल्या म्हणून लिहितोय.

पहिली म्हणजे मृतांचा आकडा. लेखात सरळ ‘दोन लाखांहून अधिक’ असं छापलंय. हा आकडा चूक आहे आणि तो आला कुठून तेही आता नीट माहीत आहे. मार्च 1945 मध्ये ड्रेस्डेनच्या पोलिसांनी तोवर मोजलेले मृतदेह लिहिले होते 20,204 आणि एकूण 25,000 पर्यंत जातील असा अंदाज दिला होता. नाझी प्रचारवाल्यांनी त्यालाच मागे एक शून्य लावलं, झाले 2,02,040! मूळ कागद 1960 च्या दशकात सापडले तरी फुगवलेला आकडा काही मेला नाही. शेवटी 2004 मध्ये शहरानेच इतिहासकारांची कमिटी नेमली, त्यांनी स्मशानाच्या नोंदी, मृत्यू नोंदणीची रजिस्टरं सगळं तपासलं आणि 2010 मध्ये सांगितलं की जास्तीत जास्त 25,000. हे काय कमी आहे का हो? जुन्या बाजारचौकात, आल्टमार्क्टवर, 6,865 प्रेतं लोखंडी गर्डरवर रचून जाळावी लागली होती. शून्य वाढवायची काही गरजच नाही. आणि आजही दर 13 फेब्रुवारीला तिथे मोर्चे काढणारे निओ-नाझी हाच फुगवलेला आकडा घेऊन येतात, म्हणून तो आपल्या पेपरात बघून जास्त वाईट वाटलं.

दुसरी गोष्ट. लेख 1945 च्या राखेतून एकदम त्या हल्ल्यात कोसळून 2005 मध्ये पुन्हा उभ्या राहिलेल्या फ्राउएनकिर्शे या चर्चवर उडी मारतो, जणू मधे काही झालंच नाही. मधे चाळीस वर्षं पूर्व जर्मनी होती! त्या सरकारने काही वाचवलं, काही पाडलं. सोफियनकिर्शे हे मध्ययुगीन चर्च, युद्धात जळालं पण भिंती उभ्या होत्या, दुरुस्त करता आलं असतं, ते 1962-63 मध्ये पाडून टाकलं, लोकांचा विरोध असताना. दुसरीकडे सेम्परचं ऑपेरा हाउस त्याच सरकारने पुन्हा उभं केलं आणि मुद्दाम 13 फेब्रुवारी 1985 ला, बरोबर चाळीस वर्षांनी उघडलं. दोन्ही खरं आहे, दोन्ही लिहायला हवं होतं.

आणि फ्राउएनकिर्शेचा ढिगारा नुसता पडून नव्हता. 1982 मध्ये काही तरुण पोरांनी पत्रकं वाटली की 13 फेब्रुवारीच्या रात्री अवशेषांपाशी मेणबत्त्या घेऊन या, शस्त्रस्पर्धेच्या विरोधात. स्टाझीने, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांनी, पोरांना चौकशीला बोलावलं तरी त्या संध्याकाळी क्रॉयझकिर्शे या दुसऱ्या चर्चमध्ये हजारो लोक जमले आणि मग कित्येकजण त्या दगडांपाशी जाऊन मेणबत्त्या लावून आले. पुढे 19 डिसेंबर 1989 ला पश्चिम जर्मनीचे चान्सलर हेल्मुट कोल याच अवशेषांपुढे बोलले. म्हणजे चर्च पुन्हा बांधायच्या किती आधीपासून ती जागा लोकांची झाली होती, आणि हे लेखात एका ओळीतही नाही.

मी स्वतः पुन्हा बांधलेल्या फ्राउएनकिर्शेच्या भिंतीजवळ जाऊन बघितलंय. नवा दगड पिवळसर, आणि मधेच काळेकुट्ट दगड बसवलेत, ते ढिगाऱ्यातून काढलेले जुने. लांबून डाग वाटतात, जवळ गेलं की कळतं काही दगडांचे कोपरे तुटलेत तरी तसेच बसवलेत. बऱ्याच लोकांना वाटतं काळेपणा आगीचा आहे, पण हा सॅंडस्टोन वर्षानुवर्षं उघड्यावर राहिला की काळा पडतोच. नवेही हळूहळू पडतील. घुमटावरचा क्रॉस बनवणारा लंडनचा कारागीर, ॲलन स्मिथ, त्याचे वडील त्याच हल्ल्यात बॉम्बर विमान उडवत होते.

आकड्याची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पानावर छापाल अशी विनंती आहे, आणि लेखकांना जमलं तर त्या मधल्या चाळीस वर्षांवर एक वेगळा लेख लिहावा, मी नक्की वाचेन.

आपला,
एक नियमित वाचक