देवाला आवडली म्हणून नेली, असे मी बोललो होतो

वसई,
10 ऑक्टोबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लिहायला बसलो की तुमच्या छकुलीच्या दफनविधीचा दिवस आठवतो, आणि दफनभूमीच्या फाटकापाशी तुझा हात धरून मी काय बोललो तेही आठवते: ‘देवाला आवडली म्हणून त्याने नेली.’ तू गप्प राहिलास. वहिनींनी मान फिरवली. माझ्यामागून आलेल्या कोणीतरी ‘अजून वय आहे, दुसरे होईल’ असे म्हटले, तेही मी ऐकले आणि त्या माणसाचा मला राग आला. पण माझे वाक्य त्याहून काही बरे नव्हते, हे कळायला मला बरेच दिवस लागले. त्याबद्दल आधी तुम्हा दोघांची क्षमा मागतो.

कोणत्या संताची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, करावी, असे तू विचारले आहेस. वहिनी चर्चमध्ये मिस्सेला यायला तयार नाहीत आणि घरात तुम्ही दोघे असून दिवसच्या दिवस शब्द निघत नाही, असेही लिहिले आहेस. नोव्हेनेचे पुढे पाहू. त्याआधी एका जोडप्याविषयी सांगतो.

बाळ येशूच्या संत तेरेजेची तसबीर आपल्याकडे घरोघर असते, पण तिच्या आईवडिलांची आठवण क्वचितच कोणी काढते. लुई मार्टिन हा फ्रान्समधल्या आलाँसाँ गावचा घड्याळजी आणि झेली ही तिथली लेस विणणारी. 1858 साली त्यांचे लग्न झाले. त्यांना नऊ मुले झाली आणि त्यांतली चार गेली. पहिला जोसेफ पाच महिन्यांचा होऊन गेला, दुसरा जोसेफ आठ महिन्यांचा. 1870 च्या फेब्रुवारीत पाच वर्षांची एलेन गेली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जन्मलेली मेलानी-तेरेज दोन महिनेही जगली नाही. झेलीला स्वतःचे दूध पाजता येत नव्हते, म्हणून बाळाला दाईकडे ठेवले होते आणि त्या दाईने त्याची आबाळ केली. स्वतःच्या निर्णयामुळे बाळ गेले, ही बोच त्या घरात किती काळ राहिली असेल, याचा अंदाज तुझ्याइतका मला येणार नाही.

झेलीची दोनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांतले एक तिने 1871 च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या भावजयीला लिहिले, कारण त्या भावजयीचे बाळ नुकतेच गेले होते. म्हणजे तेही माझ्या या पत्रासारखे सांत्वनाचेच पत्र; फरक इतकाच की लिहिणारीने स्वतः चार लेकरांचे डोळे मिटले होते. ती म्हणते की आपल्याला फार दुःख झाले, आणि ‘ही मुले झालीच नसती तर बरे झाले असते’ असे लोक म्हणत, ते बोलणे आपल्याला सहनच होत नसे. आपली मुले कायमची हरवलेली नाहीत, पुन्हा भेटतील, असा तिचा विश्वास होता. एवढ्या श्रद्धाळू बाईलाही लोकांची वाक्ये टोचली, हे वाचून मी पत्र खाली ठेवले आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो.

एलेनचा कान दुखत होता, उपचारांनी गुण येत नव्हता, तेव्हा झेलीने आपल्या गेलेल्या तान्ह्या जोसेफकडेच मध्यस्थीची विनंती केली आणि कान बरा झाला, असे ती सांगते. ते चमत्कारात मोजायचे की नाही, हा वाद मी घालणार नाही. मला त्यातली एवढीच गोष्ट मोलाची वाटते की त्या आईने मेलेल्या मुलाशी बोलणे थांबवले नाही. वहिनी रात्री छकुलीशी बोलतात म्हणून तू घाबरला आहेस. घाबरू नकोस, आणि त्यांना थांबवूही नकोस.

या दोघांचा संसार पहिल्या दिवसापासून सुरळीत होता, असेही समजू नकोस. लग्नाच्याच दिवशी झेली मठातल्या आपल्या बहिणीला भेटायला गेली आणि तिथे ढसाढसा रडली. लुईने तर भावाबहिणीसारखे राहायचे ठरवले होते, आणि दहा महिन्यांनी एका धर्मगुरूंनी समजावल्यावर तो बेत मागे पडला (हे वाचून मला हसू आले, ते देव माफ करील). पुढे 1870 मध्ये लुईने घड्याळांचे दुकान विकले आणि तो बायकोच्या धंद्यात उतरला. त्या लेसचे काम असे असते की एका चौरस सेंटिमीटरला सात तास लागतात. गावातल्या बायका घरी बसून छोटे छोटे तुकडे विणत, आणि झेली ते तुकडे जोड दिसणार नाही अशा बारीक टाक्यांनी एकत्र करी. 1877 साली ती स्तनाच्या कर्करोगाने गेली. उतारवयात लुईला मनाचा आजार जडला आणि तीन वर्षे त्याला रुग्णालयात काढावी लागली. 18 ऑक्टोबर 2015 रोजी पोप फ्रान्सिस यांनी दोघांना एकाच वेळी संत घोषित केले. पतिपत्नींना एकत्र संतपद देण्याची ती पहिलीच वेळ होती.

तुला कोणी संत रीटाचे नाव सुचवील, कारण तिला अशक्य गोष्टींची संत म्हणतात. नवऱ्याचा खून आणि दोन मुलांचा मृत्यू तिनेही सोसला, असे परंपरा सांगते. नोव्हेना करायचीच असेल तर तिचीही कर. संत मोनिकेविषयी मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. तिचा नवरा पात्रिसियुस तापट आणि बाहेरख्याली होता, आणि बायकांना ‘मोनिकेसारखे सोस’ असा उपदेश आपल्याकडेही होतो. तो मला मुळीच पटत नाही. मार खाणाऱ्या बाईला संताचे नाव सांगून घरी परत पाठवणे हे पाप आहे. पण नवऱ्याचा राग उतरेपर्यंत ती थांबत असे आणि मग आपले म्हणणे शांतपणे मांडत असे, असे तिचा मुलगा संत ऑगस्टीन याने लिहून ठेवले आहे. तुमच्यापैकी कोणीच रागावलेले नाही, दोघेही नुसते दमला आहात. तरी ती योग्य वेळ तूच शोध, वहिनींवर ढकलू नकोस.

तुम्ही बंगळूरला आणि छकुली इथे एकटी, हे वहिनींना खाते, असे तू लिहिले आहेस. मोनिकेने आफ्रिकेत, त्याच नवऱ्याच्या शेजारी, आपल्यासाठी जागा तयार ठेवली होती. पण 387 साली तिकडे परतीच्या वाटेवर रोमजवळच्या ओस्तिया बंदरात ती आजारी पडली तेव्हा तिने मुलांना सांगितले की हा देह कुठेही पुरा, त्याची चिंता करू नका. जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढेच मागते. हे वहिनींना तू वाचून दाखव. मी सांगितले तर त्यांना पुन्हा ते फाटक आठवेल.

2 नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणदिनी आम्ही नेहमीप्रमाणे दफनभूमीत जाऊ. तुम्ही आलात तर उतरायला आमच्याकडेच या. नाही आलात तर मेणबत्ती आणि शेवंती मी नेईन आणि तिथे तोंडातून एक शब्द काढणार नाही. क्रुसावर नाव कोरायचे राहिले आहे. बाप्तिस्म्याचे नाव घालायचे की घरातले, ते वहिनींना विचारून कळव.

तुझाच,
वसईचा मित्र