दुसरा मोहोर म्हणजे दुप्पट आंबा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘हापूस पुन्हा मोहरला, यंदा आंबा भरपूर’ ही आपल्या अंकातली बातमी वाचली. फोटो झकास आहे. पण त्याच फोटोत मोहोराच्या बुडाशी सुकून काळ्या पडलेल्या वाटाण्याएवढ्या कैऱ्या दिसतात. खरी बातमी ती.

डिसेंबरच्या मोहोराला कणी, म्हणजे दाण्याएवढी कैरी, धरते. मग जानेवारीत थंडी वाढली की त्याच काडीतून नवा मोहोर फुटतो, झाडाचं अन्न तिकडे वळतं आणि आधीची कैरी गळते. याला पुनर्मोहोर म्हणतात, आणि तो आला की बागायतदाराच्या घरात कोणी पेढे वाटत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने जिब्रेलिक ॲसिड या वाढ-संजीवकाची ५० पीपीएम (दहा लाख भागांत पन्नास भाग) फवारणी सांगितली आहे. ती कशासाठी, तर हा दुसरा मोहोर येऊ नये म्हणून!

बरं, नवा मोहोर तरी धरेल? मोहोरात बहुतेक फुलं नर. फळ धरतं ते फक्त संयुक्त फुलाला, म्हणजे ज्यात नर-मादी दोन्ही भाग असतात त्याला, आणि थंडीत फुटलेल्या मोहोरात नेमकी तीच कमी. परवा एक मोहोर तोडून ओटीवर बसलो, नातीने भिंग आणलं. संयुक्त फुलाच्या मधोमध हिरवट-पिवळा मणी असतो, मोहरीपेक्षाही बारीक. चारशे फुलं मोजून कंटाळलो. मणीवाली निघाली पस्तीस. त्यातही तुडतुडा कीड, भुरी रोग, ढगाळ हवा आहेच. कणी, वाटाणा, सुपारी अशा प्रत्येक आकाराला गळत गळत एका मोहोरावर एक आंबा टिकला तरी आम्ही खूश.

एरवी मी पत्र लिहिलं नसतं. पण दुसऱ्याच दिवशी बाग बघायला आलेल्या व्यापाऱ्याने खिशातून आपला अंक काढला. “काका, यंदा माल रग्गड, पेपरात आलंय,” म्हणत पेटीचा भाव पाडूनच बोलायला लागला. त्याला झाडाखाली नेऊन गळलेल्या कैऱ्यांचा सडा दाखवला. त्याने चपलेने दोन बाजूला सारल्या आणि पुन्हा पेपरावर बोट ठेवलं.

आपल्या वार्ताहराने फळ सुपारीएवढं झाल्यावर जरूर यावं, मी स्वतः बाग फिरवून दाखवीन. तोवर अंदाज छापू नये. छापायचाच झाला, तर फोटो मोहोराच्या बुडाचा मोठा करून छापावा.

आपला,
एक आंबा बागायतदार, रत्नागिरी