बेअरबोन लॅपटॉपबद्दल दिलेली चुकीची माहिती आणि नाकारलेली वॉरंटी: तक्रार पत्र

दिनांक: ७ जुलै २०२४

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: बेअरबोन लॅपटॉपमध्ये कोणते भाग बसतात याची चुकीची माहिती दिल्याबद्दल व सील तुटल्याचं कारण सांगून वॉरंटी नाकारल्याबद्दल.

महोदय / महोदया,

मी चाकणला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर आहे. धाकटी बहीण बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे. तिच्या लॅपटॉपसाठी माझ्याकडे भिशीचे २५,००० रुपये होते, त्याच्या वर एक रुपया नव्हता. तेवढ्यात मिळणारे तयार लॅपटॉप पाहिले, तर बहुतेकांत ४ जीबी रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली होती, म्हणजे पुढे वाढवायची सोय नाही. म्हणून आपला इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा बेअरबोन लॅपटॉप, म्हणजे रॅम आणि एसएसडी (माहिती साठवायचा भाग) न घालता विकला जाणारा, १७,९०० रुपयांना निवडला. बॉडी, स्क्रीन, कीबोर्ड, बॅटरी आणि मदरबोर्ड आपले; रॅम आणि एसएसडी माझी; विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स मिंट. हा हिशेब मी आठवडाभर वहीत मांडत होतो.

आपल्या माहितीपानावर रॅमबद्दल ‘डीडीआर४, १६ जीबीपर्यंत’ आणि एसएसडीबद्दल ‘एम.२ २२८०’ (म्हणजे २२ बाय ८० मिमी माप) एवढंच लिहिलं आहे. डीडीआर४ स्पष्ट लिहिलं, हे बरं केलं. डीडीआर५, म्हणजे त्यापुढच्या पिढीच्या रॅमची पट्टी या स्लॉटमध्ये बसतच नाही, तिची खाच वेगळ्या जागी असते आणि पिनाही २६० ऐवजी २६२ असतात. पण रॅमचे स्लॉट किती आणि एसएसडी साटा लागते की एनव्हीएमई (बोर्डाशी जोडायच्या या दोन वेगळ्या पद्धती), याबद्दल एक अक्षर नव्हतं. आमच्या टूलरूममध्ये ड्रॉइंगवर माप नसेल तर आम्ही कामाला हात लावत नाही, आधी विचारतो. तसंच ऑर्डर देण्याआधी मी आपल्याला ईमेलने हेच दोन प्रश्न विचारले. ४ जूनला उत्तर आलं: रॅमचे स्लॉट दोन आहेत, दोन पट्ट्या लावल्यास ड्युअल चॅनलमुळे (दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरल्या जाण्यामुळे) वेग वाढेल, आणि २२८० मापाची कोणतीही एम.२ एसएसडी चालेल. ते उत्तर सोबत जोडलं आहे.

या उत्तरावर विसंबून मी खरेदी केली. पार्सल ११ जूनला आलं. १३ तारखेला गुरुवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, पुण्यात बुधवार पेठेत जाऊन ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी ३,४५० रुपयांना आणि ८ जीबीची एक पट्टी १,७५० रुपयांना घेतली. सगळे मिळून २३,१०० झाले. उरलेल्या १,९०० मधून पुढच्या महिन्यात दुसरी ८ जीबीची पट्टी घेऊन १६ जीबी करायचं ठरवलं होतं.

रात्री खोलीवर मागचं झाकण उघडलं तर रॅमचा स्लॉट एकच. आपल्या माणसाने लिहिलेला दुसरा स्लॉट बोर्डावर कुठेच नाही. नंतर इंटेलची माहिती वाचली तेव्हा समजलं की एन१०० मुळात मेमरी एकाच चॅनलवर चालवतो. म्हणजे ड्युअल चॅनलची गोष्ट या यंत्रात कधी शक्यच नव्हती. स्लॉट एकच आहे हे खरेदीआधी कळलं असतं तर मी ८ जीबी घेतलीच नसती. थोडं थांबलो असतो, आणखी पैसे जमवले असते आणि थेट १६ ची एकच पट्टी घेतली असती. हातात पैसा कमी असला की हाच निर्णय सगळ्यात महत्त्वाचा असतो. दोन स्लॉट असतील तर आज एक पट्टी आणि उद्या दुसरी घेता येते. एकच असेल तर आज घेतलेली ८ ची पट्टी १६ करायच्या दिवशी काढूनच टाकावी लागते.

एसएसडीचं त्याहून वाईट झालं. ती स्लॉटमध्ये नीट बसली. २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब, मी व्हर्निअर लावून मोजली होती. स्क्रूही घट्ट बसला. पण बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंग्जमध्ये, ती दिसेना. १४ जूनला आपल्या हेल्पलाइनवर फोन केला, तर एसएसडी खराब असेल, दुकानदाराकडून बदलून घ्या, असं सांगण्यात आलं. पुढच्या गुरुवारी, २० जूनला, दिवसाची सुट्टी घालवून परत बुधवार पेठेत गेलो. दुकानदाराने तीच एसएसडी दुसऱ्या लॅपटॉपला लावली, ती लगेच चालली. मग त्याच्याकडची एक जुनी साटा एम.२ आपल्या लॅपटॉपला लावून पाहिली, ती बायोसमध्ये लगेच दिसली. आपल्या बोर्डावरच्या स्लॉटला फक्त साटाच्या वायरी दिलेल्या आहेत. माप एकच असलं तरी जात वेगळी असते, आणि स्लॉटकडे पाहून ते कळत नाही, कारण त्यात दोन्ही जातींच्या एसएसडी बसतात. हे फक्त बोर्ड बनवणाऱ्याला किंवा विकणाऱ्यालाच माहीत असतं. माल चांगला असल्यामुळे दुकानदाराने तो परत घेतला नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

साटा असल्याबद्दल माझी तक्रार नाही. एनव्हीएमई कितीतरी वेगवान असते हे खरं, पण बहिणीच्या कामाला साटा पुरली असती. मी तीच घेतली असती.

२१ जूनला मी हे सगळं फोटोंसह आपल्याला कळवलं. २४ ला उत्तर आलं की मागच्या झाकणाचं सील तुटलं असल्यामुळे वॉरंटी रद्द झाली आहे आणि उत्पादन परत घेता येणार नाही. हे वाचून मला खरोखर संताप आला. रॅम घातल्याशिवाय हा लॅपटॉप सुरूच होत नाही. रॅम घालायची तर झाकण उघडावं लागतं, आणि झाकणाच्या मधल्या स्क्रूवर आपणच ‘काढल्यास वॉरंटी रद्द’ असं सील चिकटवलं आहे. मग वॉरंटी शाबूत ठेवून हा लॅपटॉप वापरायचा तरी कसा? हा प्रश्न मी ईमेलमध्ये विचारला होता, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

सध्या बहीण ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट चालवते. एक प्रोग्राम उघडायला इतका वेळ लागतो की ती प्रॅक्टिकल कॉलेजच्या लॅबमध्येच उरकते आणि शेवटच्या एसटीने घरी जाते. नवी एसएसडी डब्यात पडून आहे.

मी सगळ्या लॅपटॉपचे पैसे मागत नाही. स्क्रीन, कीबोर्ड, बॅटरी चांगली आहे, आणि बहिणीला हाच लॅपटॉप हवा आहे. माझी मागणी अशी की माझी एनव्हीएमई घेऊन ५१२ जीबीची साटा एम.२ एसएसडी द्यावी, नाहीतर ३,४५० रुपये द्यावेत. ८ जीबीच्या पट्टीच्या बदल्यात १६ जीबीची एक डीडीआर४ पट्टी द्यावी, नाहीतर तिचे १,७५० रुपये द्यावेत. रॅम किंवा एसएसडी बसवण्यासाठी झाकण उघडल्याने वॉरंटी जात नाही, असं लेखी द्यावं. आणि माहितीपानावर रॅमचा स्लॉट एक आहे आणि एसएसडी फक्त साटा चालते, हे आजच लिहावं. माझ्यासारखे आणखी कोणी याच आठवड्यात वहीत हिशेब मांडत असतील.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे आपण ही तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत देणं आणि एक महिन्यात ती निकाली काढणं बंधनकारक आहे. तसं न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवेन आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मी राहतो त्या जिल्ह्यातच दावा दाखल करता येतो, आणि एवढ्या रकमेच्या दाव्याला फी लागत नाही.

सोबत: बिलांच्या प्रती, ४ जून व २४ जूनचे आपले ईमेल, उघडलेल्या बोर्डाचे फोटो, साटा एसएसडी लावल्यावर बायोसमध्ये दिसलेल्या स्क्रीनचा फोटो.

आपला ग्राहक,
चाकण, ता. खेड, जि. पुणे